बेबाबाईची तिसरी तार

बेबाबाई बाळंतपणाच्या खाटेवर पडलेली होती, तेव्हा भिंतीपलीकडे माणसाचा दात पडल्याचा आवाज तिने ऐकला. दात पडल्याचा आवाज येतो का, असं कुणी विचारेल. येतो. आधी फावड्याच्या दांड्याचा ठाक्कन आवाज येतो. मग माणूस ‘आई गं’ म्हणायला जातो आणि नुसता ‘आ’च बाहेर पडतो.

पोराची पाचवी होऊन दोनच दिवस झाले होते. धरणगावात बाजारामागच्या गल्लीत तीन खोल्यांचं धाब्याचं घर, मागे परस, परसात मोरी. मोरीला लागून जी अंधारी खोली, तीत बाळंतीण. भिंतीत वर हवेसाठी एक भोक ठेवलेलं होतं. त्यातून हवा कधी आली नाही, पण परसातलं बोलणं मात्र सगळं खाटेवर येऊन पडायचं.

घरात पहिल्यांदा लाइट घ्यायचं चाललं होतं. वायरमन धनसिंग, तेव्हा ऐन तिशीतला, सकाळपासून लाकडी पट्ट्या ठोकत होता. दुपारी तो परसात गेला आणि मोरीपाशी खड्डा खणायला लागला. कमरेइतका खणून झाला असेल, तेवढ्यात सासरे आले, झिपरू नाना.

“कोनले इचारीसन खंदं रे हाई?”

“नाना, अर्थिंगचा खड्डा आहे. तळाला तांब्याची पाटी, वर मीठ आणि कोळसा. तिथून एक तार घरात. करंट कुठं गळला तर या तारेने जमिनीत जातो, माणसाला धरत नाही. आठवड्याला घागरभर पाणी मात्र घालायचं. कोरडी पडली की ती असून नसल्यासारखी.”

“दोन तारवर बठ्ठा बाजार चालस. तुनी तिसरी तार काय जवाई शे का, तिले मीठ दे, पानी दे?”

“दुसरीकडे मुरूम आहे नाना. ओल फक्त इथंच आहे.”

आणि तेवढ्यात धनसिंगच्या फावड्याखाली काहीतरी खळ्ळकन फुटलं. बेबाबाईने खाटेवरच डोळे मिटले. काय फुटलं ते तिला समजलं. सुईणीने सात दिवसांपूर्वी पोराची नाळ मडक्यात घालून तिथेच पुरली होती. ओलीत नाळ राहिली की पोर थंड डोक्याचं निघतं, असं सासूबाई म्हणायच्या. पोराचं नाव योगराज. त्याचं डोकं किती थंड निघालं ते पुढे येईलच.

“मन्हा नातूनी नाळ शे तठे!” झिपरू नाना ओरडले आणि मग तो ठाक्कन आवाज.

धनसिंग बराच वेळ थुंकत होता. मग तो बोलला, आणि बोलताना शब्द तोंडातून ओले ओले येत होते. “नाना, तिसरी तार नाही लावली तरी दिवा लागेल. पंखा फिरेल. सगळं चालेल. म्हणून तर कुणाला कळणार नाही. कळेल तेव्हा बायामाणसांच्या हाताला कळेल.”

“बुजाव,” नाना म्हणाले.

त्याने खड्डा बुजवला. फुटक्या मडक्याचे तुकडे आत तसेच राहिले. तिसरी तार त्याने नळाच्या लोखंडी पाइपाला गुंडाळली, तोंडाला रुमाल लावला आणि निघून गेला. बेबाबाईने यातलं कुणाला काही सांगितलं नाही. सात दिवसांची बाळंतीण, वय सतरा, शाळा दुसरीपर्यंत, तीही दोनदा. सासऱ्याला ती काय शिकवणार? पण धनसिंगचं वाक्य तिच्या डोक्यात राहून गेलं. बायामाणसांच्या हाताला कळेल.

त्या घरात हाताला कळण्यासारखं पुष्कळ होतं. नवरा नवल मारायचा. त्याला कारण शोधावं लागत नसे. भाजी तिखट झाली तर मारायचा, अळणी झाली तर मारायचा, आणि भाजी नेमकी जमली तर इतके दिवस का नाही जमली म्हणून मारायचा. बेबाबाई आपल्या अंगावरच्या खुणा बायांना अशा दाखवायची, जसं कुणी शेताचे बांध दाखवावेत. हा पोळ्याचा, हा अखाजीचा, हा भावाच्या लग्नाला गेले त्याचा.

तार पाइपाला गुंडाळलेली राहिली आणि घर चाललं. लोखंडी पाइप पार जमिनीत गेलेला, म्हणून गळलेला करंट त्यातून खाली जायचा. हे कुणाला माहीत नव्हतं आणि माहीत असायचं कारणही नव्हतं. मग एक साल नवलने गंजलेला पाइप काढला आणि मोरीपासून गल्लीपर्यंत प्लास्टिकचा टाकला. भिंतीपाशी लोखंडाचा वीतभर तुकडा तेवढा उरला. तार त्याला गुंडाळलेली होती तशीच. दिसायला सगळं ठीक. तारेच्या पुढची वाट मात्र बंद झाली होती.

त्या पावसाळ्यात सरपण ओलं होतं म्हणून बेबाबाईने विजेची शेगडी लावली. पाय अनवाणी. चुलीपाशी, शेगडीपाशी चप्पल नेणं हे त्या घरात पाप. फरशी नुकतीच पुसलेली. पातेलं खाली घ्यायला तिने शेगडीला हात लावला आणि हात शेगडीचाच झाला.

ओरडावं तर जबडा उघडेना. हातातून कुणीतरी दोरखंड ओढतंय असं वाटत होतं, आणि दोरखंडाचं दुसरं टोक छातीत बांधलेलं. नवल दारात आला. त्याने पाहिलं, मोरीवरची धुण्याची लाकडी मोगरी उचलली आणि बायकोच्या मनगटावर हाणली. एकदा, दोनदा. तिसऱ्या वेळी हाड मोडलं आणि हात सुटला.

“इतकी वर्षं मारलं त्यानं,” बेबाबाई नंतर बायांमध्ये सांगायची, “पन कामाचा मार तो एवढाच. देवानं त्याला सराव त्यासाठीच दिला असंल.”

मनगट वाकडंच बसलं. दोन बोटं कायमची आत वळली. नवलने शेगडी माळ्यावर फेकली. “शेगडीच खराब,” तो म्हणाला. तार कुणी पाहिली नाही. बेबाबाईला धनसिंगचं वाक्य आठवलं होतं, पण सांगितलं असतं तर दुसरं मनगटही गेलं असतं, म्हणून ती गप्प बसली. मोगरी मात्र तिने त्या दिवसापासून मोरीवर न ठेवता स्वयंपाकघराच्या दाराआड उभी केली. कोरडी राहावी म्हणून.

नाना गेले, सासूबाई गेल्या, नवलही गेला. योगराज मोठा झाला, नरडाण्याच्या कारखान्यात लागला. सकाळच्या गाडीने जायचा, चारच्या गाडीने यायचा. पायात कारखान्याचे जाड रबरी तळाचे बूट. ते बूट तो घरात कुठेही नेई, चुलीपाशीसुद्धा. आजोबा असते तर ओरडले असते, पण त्याला ओरडणारं आता कोण होतं? बायको मोनाली जळगावची, माहेर पिंपराळ्यात. हसऱ्या तोंडाची, हिशोबी हाताची मुलगी. लग्नाला बारा वर्षं झाली तरी तिने बेबाबाईला कधी उलट उत्तर दिलं नाही, त्यामुळे बेबाबाईला कधी कधी करमत नसे.

दिवाळीनंतर योगराजने घरघंटी आणली. कपाटाएवढी, वर धान्य टाकायचं, खाली पीठ. गल्लीतल्या बायांची दळणं घेऊन मोनालीने चार पैसे कमवावेत, अशी त्याची योजना. यंत्राच्या पिनेला तीन दात होते आणि नवलने मागून बसवलेल्या जुन्या काळ्या सॉकेटला भोकं दोनच. योगराजने पक्कड घेतली आणि वरचा जाड दात तोडून टाकला. पिन बसली, चक्की फिरली. गल्लीतल्या बायांनी टाळ्या वाजवल्या.

तिसऱ्या दिवशी मोनाली म्हणाली, “अहो, चक्कीला हात लावला की झिणझिणी येते.”

योगराज नुकताच स्टेशनवरून आलेला. बुटांसकट आत गेला, चक्कीवर सपकन तळवा ठेवला. “कुठंय? मला तर नाही येत.”

“मला येते.”

“तुला काम आलं की झिणझिणी येते.”

चौथ्या दिवशी तिने परत सांगितलं, तेव्हा त्याने तिला थोबाडीत दिली. आठव्या दिवशी तिच्या हातून पिठाचा डबा उडाला, पीठ सगळं फरशीवर, आणि योगराजने तिला केसाला धरून त्याच पिठात लोळवलं. “पिंपराळ्याला जायचंय तर तसं सांग ना. यंत्राला कशाला बदनाम करतेस? मी रोज यंत्रातच असतो. मला शिकवतेस का?”

मोनाली पिठाने पांढरी झाली होती. ओठ फुटलेला, तेवढाच लाल. बेबाबाई दारात उभी होती. मोनालीचे पाय तिला दिसत होते. अनवाणी. आपलेच, शेगडीच्या त्या पावसाळ्यातले. आणि चक्की शेगडीपेक्षा मोठी होती. या खेपेला मोगरी हाणायला दारात कोण असणार होतं? योगराज नरडाण्यात.

दुसऱ्या दिवशी चारच्या गाडीची वेळ झाली तशी बेबाबाईने चक्की सुरू केली, तांब्या घेतला आणि चक्कीपुढच्या फरशीवर पाणी ओतलं. सांडलं नाही, ओतलं. मोगरी पदराआड धरली. मोनालीला म्हणाली, “बटनापाशी उभी राहा. मी ‘बंद’ म्हटलं की लगेच बंद कर. माझ्याकडे बघू नको, बटनाकडे बघ.”

योगराज आला.

“मोनाली खोटं बोलते म्हणतोस ना?” बेबाबाई म्हणाली. “बूट काढ आणि लाव हात.”

“आई, तू पण काय तिच्या नादी लागलीस?”

“कारखान्यातला वाघ आहेस ना? बूट काढ. का घाबरतोस?”

घाबरतोस म्हटलं की त्या घरातले पुरुष काहीही करतात, हे बेबाबाईला तिन्ही पिढ्यांवरून ठाऊक होतं. त्याने बूट काढले, मोजे काढले, ओल्या फरशीवर पाय ठेवले आणि दाखवायलाच जणू, चक्कीची लोखंडी कडी मुठीत घट्ट धरली.

मूठ मिटली ती मिटलीच. त्याची मान मागे गेली, डोळे पांढरे झाले, पायाची बोटं फरशीवर टकटक वाजायला लागली. “बंद!” बेबाबाई ओरडली. पण त्या जुन्या काळ्या खटक्यावरून मोनालीचा हात घामाने सरकला, आणि बेबाबाईने वाट पाहिली नाही. मोगरी हाणली. पोटच्या पोराच्या मनगटावर, वाकड्या हाताने, होतं नव्हतं तेवढं बळ लावून. हाड मोडल्याचा आवाज तिच्या ओळखीचा होता. योगराज मागे उडाला, डोकं खांबावर आपटलं, कपाळातून रक्त आलं. चक्की थांबली.

मग योगराज उठला, डाव्या हाताने आईचा गळा धरला आणि तिला भिंतीला लावलं. “मारायला निघाली होतीस मला?”

“हो,” बेबाबाई कशीबशी म्हणाली. “तू तिला रोज मारायला निघतोस. मी एकदाच निघाले.”

मग त्याने गळा सोडला आणि लहान पोरासारखा फरशीवर बसून मोडलेला हात पोटाशी धरून रडायला लागला. बेबाबाईने त्याच्या कपाळाला हळद लावली. आपण केलं ते चूक होतं की बरोबर, याचा विचार तिने पुढे कितीतरी दिवस केला. दोन्ही होतं, असं तिला वाटायचं.

हात प्लास्टरमध्ये गेला. चक्कीला करंट आहे, हे योगराजने मानलं. मानलं नाही ते पुढचंच.

बेबाबाईने धनसिंगला बोलावलं. तो आता सत्तरी ओलांडलेला, समोरच्या दाताच्या जागी खिडकी. त्याने पिनेचा तुटलेला दात पाहिला, भिंतीपाशी पाइपाच्या तुकड्याला गुंडाळलेली स्वतःचीच तार पाहिली आणि मान हलवली. “वहिनी, ही तार चाळीस वर्षं माझीच वाट बघत बसली का? खड्डा पाहिजे. आणि ओल अजून तिथंच आहे.”

“तिथं नाही,” योगराज म्हणाला. “तिथं माझी नाळ आहे. नानांनी मरताना सांगितलं होतं, ती जागा कुणाला खणू द्यायची नाही. दुसरीकडे खणा.”

“दुसरीकडे मुरूम आहे भाऊ.”

“मग चक्की विकतो.”

“आणि फ्रिज? मिक्सर? इस्त्री?” बेबाबाई म्हणाली. “विकून विकून शेवटी काय विकशील, बायको?”

त्या दिवशी काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बेबाबाईने कुदळ घेतली, मोनालीने फावडं घेतलं, आणि दोघी मोरीपाशी खणायला लागल्या. धनसिंग शेजारी उकिडवा बसून सांगत होता. गुडघाभर झालं तेव्हा योगराज आला. त्याने पहिल्यांदा माती लाथेने आत लोटली. मग डाव्या हाताने अर्धी वीट उचलली आणि धनसिंगवर फेकली. ती त्याच्या भुवईवर बसली. म्हातारा मागे कलंडला, तोंडावर रक्ताचा ओघळ.

“दात आजानं नेला, भुवई नातवानं,” धनसिंग पडल्या पडल्या म्हणाला. “या घरचा पाहुणचार काही चुकत नाही बुवा.”

योगराजने कोपऱ्यातली पहार उचलली. मोनाली फावडं टाकून दाराकडे गेली, तर योगराजला वाटलं पळाली. ती परत आली ती मोगरी घेऊन, आणि खड्ड्याच्या काठावर उभी राहिली. बेबाबाई खड्ड्यात उतरून बसली.

“हाण,” ती म्हणाली. “पन आधी बूट काढ.”

“काय?”

“तुझी नाळ आहे म्हणतोस ना इथं? देवाची जागा म्हणतोस? मग तिच्यावर कारखान्याचे बूट घालून उभा राहतोस? चुलीवर बुटानं, नाळेवर बुटानं. काढ.”

पहार वर धरलेली. सवयीने माणूस आईचं जेवढं ऐकतो तेवढंच योगराजने ऐकलं आणि टाचेने टाचेचे दोन्ही बूट ओढून काढले. उघडे पाय उकरलेल्या मातीत गेले. माती गार होती, ओली होती.

“त्या नाळेचं एक टोक माझ्यात होतं,” बेबाबाई खालून म्हणाली. “तुझी अर्धी, माझी अर्धी. माझ्या अर्ध्यावर मी खणते. तू तुझ्या अर्ध्यावर उभा राहा.”

तिने वाकड्या हाताने माती उपसली. हाताला खापरी लागली. मग दुसरी, मग तिसरी. धनसिंगने त्या दिवशी फोडलेलं मडकं. आत काही नव्हतं. नाळेची कधीच माती झाली होती, आजूबाजूच्या मातीहून वेगळी न ओळखता येणारी. बेबाबाईने त्या खापऱ्या वर, पोराच्या पायाशी ठेवल्या. योगराज त्यांच्याकडे पाहत राहिला. यासाठी एका माणसाचा दात गेला होता, दोन मनगटं गेली होती आणि आता भुवई.

पहार त्याने भिंतीला टेकवली. पुढे खड्डा त्याने खणला, एका हाताने, अनवाणी.

तळाला पाटी बसली. मीठ, कोळसा, मीठ, कोळसा. तांब्याची पाटी ठेवायच्या आधी बेबाबाईने त्या खापऱ्या खाली परत ठेवल्या. धनसिंगने कपाळाला फडकं बांधून स्वयंपाकघरातली लाकडी पट्टीवरची वायर उपटली, हिरवी तार ओढली, तीन भोकांचं सॉकेट बसवलं, आणि करंट गळला की आपोआप पडेल असा एक खटका मीटरपाशी लावला. जाताना म्हणाला, “वहिनी, आठवड्याला घागरभर.”

“माहीत आहे. चाळीस वर्षांपूर्वी ऐकलंय.”

योगराजचा हात बरा झाला, सरळ बसला. तो एकदम देवमाणूस झाला असं नाही. पण बूट दाराबाहेर राहायला लागले. आणि कधी हात वर गेला, तर मोनाली नुसती दाराआडच्या मोगरीकडे बघायची. हात खाली यायचा, बहुतेक डोकं खाजवायला.

नळाला पाणी आठवड्याने येतं. ज्या दिवशी येईल त्या दिवशी पहिली घागर बेबाबाई खड्ड्याला घालायची. योगराज म्हणायचा, “आई, माणसं तहानलेली आणि तू जमिनीला पाजतेस?” ती म्हणायची, “तू लहान होतास तेव्हा तुलाही आधी पाजायचे. मी मागून जेवायचे.”

चैत्रातल्या एका शुक्रवारी तिला सकाळपासून बरं वाटत नव्हतं. छातीवर काहीतरी बसल्यासारखं. त्याच दुपारी ती गेली, पडल्या पडल्या, कुणाला त्रास न देता. पण दहाला नळ आला तेव्हा ती उठली होती. मोनालीने “राहू द्या, मी घालते,” म्हटलं, तर तिने वाकड्या हाताने तिला बाजूला सारलं. घागर अर्धीच भरली, तेवढीच झेपत होती, म्हणून दोन खेपा केल्या. खड्ड्यावरची फरशी सरकवली, वाकून पाणी ओतलं आणि आत गुडगुड थांबेपर्यंत कान लावून बसली. मग फरशी जागेवर लावली, तिच्यावर अर्धी वीट ठेवली, घागर मोरीवर उपडी घातली आणि हात पदराला पुसत तिने नेहमीसारखी आत हाक मारली.

“पाजलं गं तिला. लाव चक्की.”